तेल बघणारे देवरे काका

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, ऑइल कोणतं टाकायचं? साधं, सेमी की फुल सिंथेटिक?"

मी पर्समधून चष्मा काढला, गाडीचं पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "ही ग्रेड. याच्यापेक्षा जाड नको, पातळ नको. आणि कॅन माझ्यासमोर फोडा."

बाई हसल्या. "तुमच्या घरात कुणी गॅरेजवाले आहेत का?"

"नाही," मी म्हटलं, "शेजारी देवरे काका राहायचे."

नाशिकला जेलरोडच्या आमच्या सोसायटीत देवरे काका दुसऱ्या मजल्यावर राहत. मूळचे सटाण्याकडचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि तीही बहुतेक टर्बाइनच्या तेलावर देखरेख करण्यात. तिथलं तेल किती गरम झालं, त्यात पाणी शिरलं का, कचरा किती, हे तीसेक वर्षं बघितलेला माणूस रिटायर झाल्यावर स्वस्थ कसा बसणार? खाली पार्किंगमध्ये आमच्या गाड्या उभ्या होत्याच.

माझी बदली घोटीच्या शाळेत झाली तेव्हा मी एक सेकंडहँड गाडी घेतली. बरोबर वाटेवरच्या तीन शिक्षिका यायच्या. गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीटवर बसून किल्ली फिरवणार, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पांढरा लेंगा, बाह्यांचा बनियन, कानावर पेन्सिल. ना नाव, ना गाव.

"बॉनेट उघड."

"काका, गाडी चालतेय की व्यवस्थित."

"चालतेय म्हणूनच उघड म्हणतोय. बंद पडल्यावर काय, सगळेच उघडतात."

त्यांनी डिपस्टिक ओढली, खिशातल्या जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसली, परत घातली, परत ओढली. मग आडवी धरून डोळ्यांजवळ नेली. एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीनं चोळला, नाकाशी नेला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दुसरा थेंब ठेवला आणि तो पसरेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मला शाळेला उशीर होत होता, पण त्या माणसाची तल्लीनता मोडायचं धाडस होईना.

"पेट्रोलचा वास येतोय तेलाला," ते शेवटी म्हणाले. "आधीचा मालक फार जवळच्या जवळ गाडी फिरवत असणार. इंजिन नीट तापायच्या आत बंद."

आधीचे मालक डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना घरापासून दोन गल्ल्या सोडून होता. हे मी काकांना सांगितलं, तर ते नुसते "हं" म्हणाले.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "अगं, देवापुढच्या समईचं तेलसुद्धा बोटावर चोळून बघतात. मी म्हटलं, देवाची गाडी कुठं अडलीय का?"

काकांची काही मतं ठरलेली होती आणि ती ते विचारल्याशिवायच सांगत. तेल काळं झालं म्हणून घाबरू नका. काळं झालं म्हणजे ते आतली घाण स्वतःकडे घेतंय. डिपस्टिकवर दोन खुणा आहेत, तेल त्यांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्याही वर भरलं तर इंजिन लाडात येत नाही, तेलाला फेस येतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मगच बघा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पुस्तक वाचा. "ज्यानं इंजिन बनवलं त्यानंच लिहून दिलंय कोणतं तेल घालायचं. आणि आपण विचारतो कुणाला? पानवाल्याला!"

आमच्याकडे तळमजल्यावर निकम राहतात. त्यांचं गाडीवर मुलासारखं प्रेम. दर तीन हजार किलोमीटरला तेल बदलायचे, आणि गाडीला आठ वर्षं झाली म्हणून आता जाडातलं जाड तेल घालणार होते. काकांनी काकूंना हाक मारून एका वाटीत मध आणि एका वाटीत दूध आणायला लावलं. डिसेंबरातली सकाळ, नाशिकची थंडी. दोन वाट्या त्यांनी पार्किंगच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि निकमांच्या हातात सरबताची नळी दिली.

"प्या."

निकमांनी दूध प्यायलं. मध ओढता ओढता त्यांचे गाल आत गेले.

"सकाळी थंड इंजिनला तुम्ही हे ओढायला लावणार. तेल वर पोचेपर्यंत वरचे भाग कोरडेच घासणार. जुनं इंजिन धूर काढायला लागलं, तेल खायला लागलं, तर मग बघू. तुमचं तर नव्यासारखं आहे. पुस्तकात लिहिलंय तेच घाला, आणि पुस्तकात दहा हजार लिहिलंय तर तीन हजाराला बदलून कुणाचं भलं करताय?"

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंचं याच्या अगदी उलट होतं. त्यांची गाडी फक्त भाजीबाजारापर्यंत जायची. चार वर्षांत त्यांनी तेल बदललं नव्हतं, कारण किलोमीटरच झाले नव्हते. काका त्यांना म्हणाले, "बाई, किलोमीटर झाले नाहीत, पण वर्षं झाली ना? घरात लोणचं खाल्लं नाही म्हणून ते ताजंच राहतं का? दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आणि तुमच्यासारखी जवळच्या जवळ फिरणारी गाडी असेल, तर वर्षाच्याही आत."

तेल बदललं की काका बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढरी डॉक्टरी चिकटपट्टी लावत आणि कानावरच्या पेन्सिलीनं तारीख, किलोमीटर आणि पुढची तारीख लिहीत. आमच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्या पोटात अशी चिकटपट्टी घेऊन फिरायच्या.

तेल बदलण्याचं काम रफीकचं. दसक पुलाच्या अलीकडे त्याचं छोटं गॅरेज आहे. रफीक मालेगावचा. घरी पिढीजात यंत्रमाग. पण त्याला मागापेक्षा हायवेवरच्या ट्रकांची ओढ, म्हणून तो इंजिनच्या कामाकडे वळला. कमी बोलणारा, हात स्वच्छ ठेवणारा. काका त्याच्याकडे आमच्या गाड्या घेऊन जात आणि तो काम करत असताना शेजारी स्टुलावर बसून त्याला सूचना देत. रफीक "जी काका, जी काका" म्हणत आपल्याच पद्धतीनं काम करायचा. आठ-दहा वर्षं हे असंच चाललेलं.

मग एका वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या गाडीचं तेल बदललं. रविवारी मी स्वतः तिथे होते. रफीकनं जुनं तेल सोडलं, नवा फिल्टर लावला, आणि तेल सोडायला काढलेला चेंबरचा बोल्ट परत बसवण्यापूर्वी नव्या वॉशरचं पाकीट फाडायला घेतलं. काकांनी त्याचा हात धरला.

"नवा कशाला? हा घे." त्यांनी खिशातून तांब्याचा एक वॉशर काढला. "लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलाय, मऊ झालाय. आमच्याकडे असेच वापरायचो. काही होत नाही."

रफीकनं तो वॉशर बोटात फिरवून पाहिला. क्षणभर काकांकडे बघितलं. मग काही न बोलता बसवला.

गुरुवारी सकाळी आम्ही चौघी घोटीला निघालो होतो. वाडीवऱ्ह्याच्या पुढे गेल्यावर समोर लाल दिवा लागला, तेलाच्या किटलीच्या आकाराचा.  गाडी कडेला घेऊन मी काकांना फोन लावला.

"किल्ली बंद केली?"

"अजून नाही, चालूच..."

"आधी बंद कर! आत्ता! मग बोल."

मी बंद केली. मागे शारदा मॅडम म्हणाल्या, पुढे पेट्रोल पंप दिसतोय, तिथवर जाऊ या. मी काकांना विचारलं.

"एक फूटसुद्धा नाही. ढकलत नेलीस तर चालेल. परत चालू करू नकोस. मी आलो."

बाकीच्या तिघी वडापच्या जीपमध्ये बसून शाळेत गेल्या. मी गाडीपाशी उभी राहिले. शेजारून ट्रक सणसणत जात होते आणि मी मनात इंजिन गेलं, इंजिन गेलं असं घोकत होते. तासाभरानं काका आले, त्यांच्या जुन्या स्कूटरवर, पायापाशी तेलाचा कॅन ठेवून. सत्तरी ओलांडलेला माणूस हायवेवरून तीस किलोमीटर स्कूटर मारत आला होता. हेल्मेट काढलं तर घामानं डोकं निथळत होतं.

डिपस्टिक जवळजवळ कोरडी निघाली. काका रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून गाडीखाली शिरले. चेंबरच्या बोल्टला काळा थेंब लोंबत होता. त्यांनी पाना लावून जोर दिला, तर बोल्ट थोडा फिरला.

"ढिला!" ते खालूनच ओरडले. "ढिला ठेवला रफीकनं!"

मग त्यांनी तेल ओतलं, गाडी चालू करायला सांगितली, आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मुठीला कान लावला. इथे, मग तिथे, मग परत इथे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते डोळे मिटून ऐकत होते.

"नाही," ते म्हणाले. "ठोका नाही. वेळेवर बंद केलीस म्हणून वाचलं. कोरडं चालवत पंपापर्यंत गेली असतीस, तर आज इंजिन गेलं होतं."

मी तिथेच रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि रडले. मला वाटतं काकांनाही भरून आलं होतं, कारण ते उगीचच स्कूटरची चेन बघू लागले, आणि स्कूटरला चेन नव्हतीच.

मग ते पुढे स्कूटरवर आणि मी मागे गाडीत, असे आम्ही हळूहळू घरी आलो.

त्याच दुपारी रफीकचा मला फोन आला. त्याला कुठून तरी कळलं होतं. "मॅडम, बोल्ट टाईट था. तुम्ही फक्त वॉशर बघा. काकांनाही सांगितलं, पण त्यांनी फोन ठेवून दिला."

मी काकांना हे सांगितलं नाही. नुकतंच एवढ्या लांब धावत आलेल्या माणसाला काय बोलायचं? आता वाटतं, बोलायला हवं होतं.

काका मात्र बोलत राहिले. पार्किंगमध्ये, जिन्यात, दूध आणताना. "ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानं बोल्ट ढिला ठेवला." ते एवढंच म्हणत होते. पण गोष्ट पुढे सरकताना वाढत गेली. निकमांनी ऐकलं की रफीकचं लक्ष नसतं. जोशीबाईंनी ऐकलं की तो तेल कमी घालतो. शेजारच्या सोसायटीत पोचेपर्यंत तो नकली तेल विकणारा झाला होता. तीन आठवड्यांत आमच्या गल्लीतली एकही गाडी दसकच्या त्या गॅरेजकडे वळली नाही. एकदा बसमधून जाताना मला रफीक दिसला. गॅरेजपुढे रिकाम्या जागेत उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

माझ्या गाडीखाली मात्र अजूनही अधूनमधून थेंब पडायचा. काकांनी खाली पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. त्यांनी बोल्ट परत आवळला. पुन्हा डाग. एका शनिवारी दुपारी त्यांनी तेल एका घमेल्यात सोडलं आणि बोल्ट पूर्ण काढला.

थोड्या वेळानं माझ्या दारावर थाप पडली. काका उभे होते, कोपरापर्यंत काळे. तळहात पुढे केला. तळहातावर तांब्याचा वॉशर.

"बघ," ते म्हणाले. "भोक मोठं आहे. बोल्टवर मध्ये बसलाच नाही, एका अंगाला सरकला. एका बाजूला चकाकतोय, दुसऱ्या बाजूला दाबच नाही. इथून गळत होतं. बोल्ट घट्टच होता. जोर लावला की कुठलाही बोल्ट थोडा फिरतोच. हे मला माहीत नाही?"

मी तळहातावरचा वॉशर बोटानं फिरवून बघितला.

"कुठल्या तरी जुन्या पंपाचा असणार. मी मोजलाच नाही." ते उंबऱ्यावरच बसले. "रफीक तुला काही म्हणाला होता?"

"वॉशर बघा म्हणाला होता, काका."

"मलाही म्हणाला होता. मी म्हटलं, माझ्या वॉशरला नाव ठेवू नको. आणि फोन ठेवला." त्यांनी वॉशर मुठीत बंद केला. मग एरवी फक्त काकूंशी बोलत त्या अहिराणी बोलीत म्हणाले, "चूक मनी शे, वैशाली. सगळी मनी."

खरं सांगायचं तर तो वॉशर त्यांनी गटारात टाकला असता तरी कुणाला कळलं नसतं. गाडी त्यांच्याच हातात होती. मी तर बोलणारी नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी रविवारी पाण्याची टाकी धुण्याबद्दल सोसायटीची बैठक होती. पार्किंगमध्ये वीसेक माणसं. टाकीचा विषय निघायच्या आधीच काका उठून उभे राहिले. वॉशर अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी सगळ्यांना दाखवला.

"वैशालीची गाडी रस्त्यात अडली ती यामुळे. हा रफीकचा नाही, माझा आहे. मी जबरदस्तीनं लावायला लावला. तो बोल्ट ढिला नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं. जाणूनबुजून नाही, पण न बघता सांगितलं, म्हणजे तेच झालं. आणि नकली तेलाचं जे कोण बोलतंय, त्यानं ते आजपासून बंद करावं. त्या माणसानं प्रत्येक कॅन माझ्यासमोर फोडलाय."

 निकम खाली बघत होते. काका म्हणाले, "मी आत्ता त्याच्याकडे चाललोय. ज्यांनी माझं ऐकून तिकडे जाणं सोडलं, त्यांनी वाटलं तर यावं."

निकम उठले. जोशीबाई म्हणाल्या, "टाकीचं पुढच्या रविवारी बघू." आम्ही सात-आठ जण चालत दसककडे निघालो. सगळ्यात पुढे काका, ताठ मानेनं, जणू वरातीत चाललेत. पण त्यांचे कान लाल झाले होते.

रफीक एका रिक्षाखाली आडवा पडला होता. एवढे पाय एकदम दिसले म्हणून दचकून बाहेर आला. आमचे चेहरे बघून त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं असणार, आता भांडायला आले.

काकांनी त्याच्या हातात वॉशर ठेवला. "बोल्ट घट्ट होता. हा माझा होता. मी सगळीकडे तुझं नाव खराब केलं. तू मला सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. माफ कर."

आणि त्यांनी हात जोडले. रफीकनं घाईघाईनं ते हात धरून खाली केले. स्वतःचे हात तेलकट आहेत हेही तो विसरला.

"काका, ऐसा मत करो. गलती मेरी भी है. त्या दिवशी मला वॉशर मोठा वाटला होता. बोलायला पाहिजे होतं, की हा नाही लावणार. नाही बोललो."

"का नाही बोललास?"

रफीकनं एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "तुम्ही बोलू कुठे देता?"

 मग निकमांना हसू फुटलं, जोशीबाईंना फुटलं, आणि शेवटी काकाही हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. तीन आठवडे आमच्या सगळ्यांच्या छातीवर जे बसलं होतं ते उतरल्यासारखं वाटलं. रफीकनं समोरून चहा मागवला. माझ्या गाडीला त्याच दिवशी नवा वॉशर बसला. नंतर कितीतरी दिवस मी सकाळी वाकून पुठ्ठा बघायचे आणि तो कोरडा बघून मला उगीचच बरं वाटायचं.

काकांनी घरातला वॉशरांचा डबा भंगारवाल्याला दिला. काकू म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा त्या कपाटाचा एक कप्पा माझ्या वाट्याला आला." त्यानंतरही ते डिपस्टिक ओढत राहिले, पण निकाल देण्याआधी रफीककडे वळून विचारायचे, "तुझं काय मत?" आणि रफीकचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायचे. थांबताना त्यांना फार कष्ट पडत. ओठ हलत असत. पण थांबायचे.

दीड वर्षांपूर्वी काकूंच्या गुडघ्यांनी जिने चढणं नाकारलं, आणि धुळ्याच्या मुलीनं दोघांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. न्यायला ती आली तेव्हा तिच्याकडे नवी इलेक्ट्रिक गाडी होती. आम्ही सगळे खाली उतरलो. रफीकही आला होता, स्वच्छ शर्ट घालून. सामान चढलं, काकू मागे बसल्या. काकांनी मुलीला बॉनेट उघडायला लावलं. ते आणि रफीक दोघंही आत वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"यात तेलच नाही?" काकांनी विचारलं.

"इंजिनच नाही, तर तेल कशाला, अण्णा?" मुलगी म्हणाली.

काकांनी रफीककडे बघितलं. रफीकनं खांदे उडवले. मला वाटलं काकांना वाईट वाटेल. पण ते सरळ उभे राहिले, दोन्ही हात झटकले आणि म्हणाले, "चला, म्हणजे धुळ्याला तरी नुसतं बसून राहता येईल." असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटका झाल्याचं हसू होतं.

ते पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली, रफीकच्या हातावर हात ठेवला, मग मला म्हणाले, "शाळेला जा आता, उशीर होईल." गाडी निघाली. तिला आवाजच नव्हता, त्यामुळे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत काकांचं बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं. ते मुलीला सांगत होते, "डावीकडून घे. तिथे खड्डा आहे. हां, अशी. आता जाऊ दे सरळ."